नळ्यानळ्यांची तुतारी

संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एका लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेट होता. माऊथपीस नळीत गच्च अडकलेलं, कुणीतरी पकडीने ओढून नळीच पिळवटलेली. "यंदा तुतारीवर लिहा, पण सोपं लिहा. आमचे वाचक काही संगीतातले नाहीत," संपादक म्हणाले. मी दोन्हीला हो म्हणालो. त्यातलं लिहिण्याचं तेवढं पाळतो आहे.

पचमढीला लष्करी संगीत शिकलो, चोवीस वर्षं पलटणीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला आणि निवृत्तीनंतर बंगळुरातच राहिलो. शिवाजीनगरच्या एका बोळात पितळी वाद्यं दुरुस्त करतो. पोचे काढायचे, डाख द्यायचा, पिस्टन मोकळे करायचे. मूळ गाव मात्र सातारा जिल्ह्यातलं. सुट्टीवर गेलो की पारावर ठरलेला प्रश्न असायचा, "मिलिटरीत काय करतोस?" ट्रम्पेट म्हटलं की पुढे अर्धा तास समजवावं लागे, म्हणून मी "तुतारी वाजवतो" म्हणून मोकळा व्हायचो. या आळसाची फळं मला २०२४ साली मिळाली.

त्या वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळालं आणि रायगडावर त्याचं अनावरण झालं. अपक्षांसाठी असलेल्या मोकळ्या चिन्हांत एक 'ट्रम्पेट' होतं, त्याचं मराठी नाव यादीत छापलं होतं 'तुतारी'. गंमत म्हणजे इंग्रजी यादीत घोळ नव्हताच. तिथे एकाचं नाव 'तुऱ्हा' फुंकणारा माणूस, दुसऱ्याचं ट्रम्पेट. दोघं मराठीत आले आणि एकमेकांच्या अंगावर पडले. लोकसभेला साताऱ्यात पवारांचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत तर ट्रम्पेटला १,०३,६३२ मतं गेली. तिथे दोन्ही उमेदवारांचं आडनावही सारखंच होतं, तरी पक्षाचा उमेदवार निवडून आला. सगळी मतं चुकून पडली असं मी म्हणणार नाही, मतदाराच्या पोटात शिरता येत नाही. पण साताऱ्यातल्या त्या सदतीस हजारांतलं एक मत कुणाचं ते मला पक्कं ठाऊक आहे. ते माझ्या थोरल्या काकीचं.

निकालानंतर तिनेच फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "काकी, ती तुतारी नव्हं." तर म्हणाली, "नव्हं कशी? तू वाजवतोस तीच की रं! नळ्यानळ्यांची. दुसऱ्या चित्रात तर मधी बाप्या हुता."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यात वर्तमानपत्रांनी ट्रम्पेटच्या चिन्हाला 'पिपाणी' म्हणायला सुरुवात केली आणि माझं डोकं आणखी फिरलं. पिपाणीत पात कंप पावते, शहनाईत असते तशी. ट्रम्पेटला पात नाही. तिथे वाजवणाऱ्याचे ओठच पात होतात. साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात बसून सनई-चौघडा आणि बँड यांतला फरक ओळखणारी माणसं खुशाल पिपाणी लिहितात! तसंच 'भेरी फुंकली' लिहितात. भेरी हा नगाऱ्याच्या जातीचा, बडवायचा प्रकार आहे. फुंकून दाखवावी कुणीतरी.

आता थोडं शास्त्र, नाइलाज आहे. दीड मीटर नळी घ्या, एका टोकाला ओठ थरथरवा. ती नळी मनात येईल तो स्वर देत नाही, ठरावीक पायऱ्याच देते. बिगुलावर त्यातल्या पाच वापरात येतात: सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग, आणि प. उलसूर तलावाजवळच्या मद्रास सॅपर्सच्या केंद्रातून येणारे बिगुलाचे इशारे ऐका, एवढ्यातच सगळा खेळ असतो. तुतारीचंही तेच. मधले स्वर हवे असतील तर नळीची लांबी बदलावी लागते. १८१४च्या सुमारास जर्मनीत श्ट्योल्त्सेल नावाच्या वादकाने त्यासाठी पिस्टन बसवला. मधला पिस्टन दाबला की हवा नऊएक सेंटिमीटरचा वळसा घेते आणि स्वर अर्ध्याने उतरतो. म्हणून तर 'अलबेला'त (१९५१) सी. रामचंद्रांच्या चाली गोव्यातल्या हळदोण्याचा वादक चिक चॉकलेट ट्रम्पेटवर सरसर वाजवू शकला. तुतारीवर ते जन्मात जमायचं नाही. शिवाय ट्रम्पेटची नळी बरीच लांब सारख्या जाडीची असते, तुतारीची ओठांपासून तोंडापर्यंत रुंदावत जाते. म्हणजे ती शिंगाच्या घराण्यातली झाली. दोन्ही वेगळी, असा माझा निकाल होता आणि तो मी काकीलाही ऐकवला.

पण एक काटा राहतो. जगातल्या वाद्यांची जी वर्गवारी अभ्यासक वापरतात ती फॉन हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ साली मांडली. पुस्तकं जशी क्रमांकाने कपाटात लावतात तशी. ओठांनी वाजणाऱ्या सगळ्या वाद्यांचा त्यात क्रमांक एकच, ४२३. शंख ४२३, तुतारी ४२३, बिगुल ४२३, माझा ट्रम्पेटही ४२३. फरक पुढच्या आकड्यांत. आणि या अख्ख्या वर्गाला त्या दोघांनी नाव दिलंय 'ट्रम्पेट'! म्हणजे निवडणूक चिन्हांची यादी करणाऱ्या कारकुनाने नकळत बर्लिनच्या पंडितांचाच कित्ता गिरवला होता. माझ्या ओळखीच्या अभ्यासकांना मी हे विचारलं की ते हसतात आणि विषय बदलतात. नळीचा आकार मोठा की ओठांचा कंप? मी आयुष्यभर आकाराच्या बाजूने भांडलो. पोचे काढणाऱ्याला आकारच दिसणार.

मागच्या वर्षी एक कोंबुवाला दुकानात आला. कोंबु म्हणजे इकडचं बाकदार शिंग. मिरवणुकांत वाजवणारा माणूस, कोंबूचा सांधा निखळला होता. डाख देताना मी त्याला विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? "कोंबु, कहळे," तो म्हणाला, "काहीही म्हणा." कन्नड वर्तमानपत्रं निवडणुका आल्या की 'रणकहळे' छापतात, आपण रणशिंग छापतो तसं. ही कहळे म्हणजे आपली काहळा. देवगिरीला यादवांच्या दरबारी बसून तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाची काहळा आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात रणवाद्यांच्या गर्दीत ती शंखाशेजारी आहे. आपण तो शब्द टाकला, कन्नडने ठेवला. तो आपल्याकडे शिल्लक असता तर यादीत दोन वाद्यांना दोन नावं सहज मिळाली असती.

साहित्याबद्दल लिहा असंही संपादकांनी सांगितलं होतं. मी वाद्यवाला, तेव्हा थोडक्यात. केशवसुतांनी 'तुतारी' लिहिली १८९३ साली आणि तेव्हापासून मराठीत ही वस्तू धातूची राहिलीच नाही. इंग्रजी कविता वाचलेला हा शिक्षक, त्याच्या कानात शेवटच्या निवाड्याला वाजणारे देवदूतांचे कर्णेही असतील आणि पालखीपुढची तुतारीही. मला त्या कवितेत खटकतं ते एवढंच, की तुतारी कवीच्या हातात नाही, कुणीतरी आणून द्यायची आहे. १९०५ साली प्लेगने ते गेले ते इकडेच, हुबळीला. आणखी एक: इंग्रज स्वतःची बढाई ट्रम्पेट फुंकून मारतो. मराठी माणूस त्यासाठी टिमकी बडवतो. फुंकायच्या वाद्याला आपण त्या कामाला जुंपलं नाही, याचं मला वादक म्हणून बरं वाटतं.

विधानसभेच्या वेळी निवडणूक आयोगाने त्या चिन्हाचं मराठी नाव बदलून 'ट्रम्पेट' केलं. काकीचा फोन आला, "आता हे ट्रम्पेट म्हंजी काय?" मी म्हटलं, मी वाजवतो ते. ती जरा थांबली. "मग इतकी वर्सं आम्हाला तुतारी म्हणून काय सांगत हुतास?"

समोरच दुरुस्तीचा एक ट्रम्पेट पडला होता, तिन्ही पिस्टन काढून तेलात ठेवलेला. मी खुंटीवरचा माझा उचलला, फोन समोर ठेवला आणि पिस्टनला बोट न लावता सा, प, वरचा सा वाजवला.

"तुतारीच की," काकी म्हणाली.