आमच्या घरचा कुंभकर्ण

यंत्र या वस्तूशी माझा संबंध आजवर घड्याळाला किल्ली देण्यापुरताच. तीसएक वर्षे बँकेत आकडेमोड केली, निवृत्त झालो. आता सायंकाळी कृष्णेच्या घाटावर जावे, सकाळी शब्दकोडे सोडवावे, एवढाच काय तो बेत होता. पण २०२३च्या श्रावणात दादा गेला, आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली त्याची शेड, तिच्यातले मशीन आणि मशीनचा मिस्त्री, हे सारे माझ्या गळ्यात पडले. वारसाने नव्हे, नुसत्या जबाबदारीने. वारस पुण्याला असतो. माझा पुतण्या; संगणकाच्या कंपनीत आहे.

ठिबक सिंचनाच्या नळ्यांना काळी बुचे आणि जोड लागतात ना, ते दादा बनवीत असे. जत-आटपाडीकडे पाणी थेंबाथेंबाने वापरावे लागते, तेव्हा मालाला गिऱ्हाईक होते. मशीन ‘ऐंशी टनी’ आहे असे तो अभिमानाने सांगे, आणि एवढे धूड जमिनीत खचत कसे नाही याचे मला कितीतरी वर्षे नवल वाटे. पुढे कळले की ते वजन नव्हे. वितळलेले प्लास्टिक साच्यात घुसताना साच्याची दोन अर्धुके फाकू नयेत, म्हणून ती जितक्या जोराने दाबून धरायची, तो जोर ऐंशी टनांचा.

दिवसकार्ये उरकली आणि भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला. वहिनी आतूनच म्हणाल्या, “भाऊजी, त्यानं अजून काही सांगितलेलं नाही. तोवर राहू द्या.”

राहू द्यायचे म्हणजे कुलूप लावायचे, अशी माझी समजूत. मिस्त्री गालातल्या गालात हसला. “धाकटं मालक, मशीन निजलंय वाटतंय व्हय तुम्हांस्नी? गंजतंय की ते!”

मग त्याने दादाची वही काढून दिली. लाल पुठ्ठ्याची, आपल्याकडे हिशेबाला असते तशी. तीत एके ठिकाणी मार्च २०२० सापडले. २२ तारखेचा रविवार जनता कर्फ्यूचा, म्हणून शनिवारी संध्याकाळी दादाने एका दिवसापुरते बटण बंद केले. तो एक दिवस पुढे सुमारे दोन महिने चालला, हे वाचकांना सांगायला नकोच. साचा गार ठेवण्यासाठी त्याच्या पोटातून पाणी खेळवतात. ते आतच राहिले. शेड उघडली तेव्हा आरशासारख्या घासलेल्या डायवर तांबूस पुटकुळ्या आल्या होत्या. दादाने खाली एवढेच लिहिले होते : ‘पाणी काढले नव्हते. चूक माझी.’

तेव्हापासून वहीत बंद मशीनचे वेळापत्रकच होते, आणि तेच आता माझ्या वाट्याला आले. डाय उतरवायची, हवेच्या झोताने तिच्या वाटांतले पाणी पार उडवायचे, गंजरोधक तेल मारून ती मिटून ठेवायची. चार जाड खांबांना ग्रीस. बॅरल तापवून त्यातून बिनरंगी दाणा घालायचा, काळे येणे थांबेपर्यंत. आमचा दाणा पॉलिप्रॉपिलीनचा, तो बिचारा निरुपद्रवी. पीव्हीसी आत राहून तापले तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि पोलादालाच खाते, असे मिस्त्रीने सापाविषयी बोलावे तशा आवाजात सांगितले.

एवढ्यावरही सुटका नाही. दर पंधरवड्याला शनिवारी जाऊन पंप अर्धा तास चालवायचा, म्हणजे तेल सगळीकडे फिरते. टाकीत तेलावर मोकळी जागा असते. दिवसा उन्हाने, रात्री गारठ्याने तिथल्या हवेला घाम सुटतो आणि ते पाणी तेलाखाली जाऊन बसते. ते तळातून काढायचे. विजेच्या कपाटात उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या आणि दमटपणावर एक पेटता दिवा. त्या दिव्यापायी मी गणपती पेठ पालथी घातली. हल्लीचे एलईडी उजेड देतात, ऊब देत नाहीत. मला जुना तारेचा पिवळा बल्ब हवा होता. “कुणासाठी?” दुकानदाराने विचारले. मशीनला थंडी वाजते हे कसे सांगणार? कोंबडीच्या पिलांसाठी, म्हणून सांगून टाकले.

हे घरी सांगितले तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, “माझ्या शिवणयंत्राला एकोणतीस वर्षांत थेंबभर तेल घातलं नाहीत कधी.” यावर उत्तर नव्हते.

पहिल्या पावसाळ्यात मी आपल्या हुशारीने मशीनला जाड प्लास्टिक गुंडाळून दोरीने आवळले. प्लास्टिकच्या यंत्राला प्लास्टिकचेच पांघरूण! मिस्त्रीने सोडून दाखवले तर आतून दवाचे थेंब ओघळत होते. त्याने वहिनींच्या जुन्या सुती चादरी मागवल्या. वहिनींनी त्या धुऊन, घड्या घालून दिल्या. एक दादाच्या अंथरुणातली होती. ती मी मुद्दाम पाहिली नाही असे केले.

मिस्त्री हरिपूरचा. त्याचे वडील पेवांवर कामाला होते. सांगलीच्या हळदीची ही जमिनीखालची कोठारे : तोंड अरुंद, पोट मोठे, वरून मातीने बंद. हळद तिथे वर्षानुवर्षे राहते. पेव उघडले तरी लगेच आत उतरायचे नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची. २००५च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवे गेली, आणि मिस्त्री कारखान्याकडे वळला. “आमचा बा म्हणायचा, पेवाला हात लावू नका. अन् हितं हात लावल्याबिगर भागत न्हाई,” असे म्हणत तो पंप चालू करी.

अर्धा दिवस मजुरी, विजेचे बिल, शेडचे भाडे. मी बँकेतला माणूस. बेरीज मला दिसत होती. भंगाराचा भाव आणि हा खर्च यांची रेघ कुठे मिळते, तेही कागदावर काढले होते. वहिनींना मात्र दाखवले नाही.

२०२४च्या खंडेनवमीला पुतण्या आला. मिस्त्रीने डाय आदल्या दिवशीच चढवली होती, मोटरमध्ये ओल नाही हे तपासले होते, हीटर आधी मंद ठेवून मग वाढवले होते. हळदीकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. पडदा उजळला, आणि सगळीकडे शून्ये! आतली बॅटरी संपून आकडे पुसले गेले होते. आमच्या सगळ्या वेळापत्रकात तेवढीच एक गोष्ट राहिली होती. माझे तोंड उतरले.

मिस्त्रीने वही पुढे केली. पुतण्या बापाच्या अक्षरातले आकडे वाचीत एकेक बोटाने भरू लागला : १९०, २०५, २१५, २२०. एका ठिकाणी थांबला, मग पुन्हा भरू लागला. पहिली बुचे पांढरी पडली, मग राखी, मग काळी. त्यातले एक त्याने गरम गरमच उचलले, या हातातून त्या हातात केले आणि खिशात टाकले.

बोलला काहीच नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. मी विचारणार होतो, तोच मिस्त्री म्हणाला, “मालक, बंद करायच्या आधी पांढरा दाणा टाकाय लागतोय. या हिकडं, दावतो.”

मिस्त्री त्याला मालक म्हणाला, ही पहिलीच वेळ. पुतण्याने बाह्या वर केल्या आणि विचारले, “किती टाकायचा?”