आजारी हत्ती

सहलीला जायचे हे आमच्या घरी नेहमी एकमताने ठरते. कुठे जायचे यावर मग महिनाभर वाद चालतो. २०१९ सालच्या चैत्रात मात्र तसे झाले नाही. पाडवा शनिवारी आला होता, दुसऱ्या दिवशी रविवार. श्रीखंडाचे पातेले अजून पुरते चाटूनही झाले नव्हते, तोच चिरंजिवांनी जाहीर केले, "उद्या पेंग्विन!" कन्येला म्युझियम पाहायचे होते, कारण तिच्या बाईंनी त्यावर निबंध लिहायला सांगितला होता. आणि सौभाग्यवतींना त्या दिवशी स्वयंपाक करायचा नव्हता. या तिन्ही मागण्या एकाच आवारात पुऱ्या होतील असे एक ठिकाण मला ठाऊक होते. भायखळ्याचा राणीचा बाग.

स्वयंपाक न करण्याचा बेत असा पार पडला की, सौभाग्यवती पहाटे पाचला उठून पुऱ्या तळू लागल्या. आईचे गुडघे दुखत असल्याने ती घरीच राहणार होती. तात्या येतील असे कुणालाच वाटले नव्हते. डोंबिवलीला राहायला आल्यापासून ते मुंबईचे नावसुद्धा फारसे काढत नाहीत. पण सकाळी पाहतो तो, इस्त्रीचा सदरा घालून, हातात काठी घेऊन, तात्या सर्वांच्या आधी दारात उभे! वय वर्षे सत्त्याहत्तर आणि उत्साह चिरंजिवांच्या बरोबरीचा.

हा बाग १८६२ साली लोकांसाठी खुला झाला. तेव्हा नाव व्हिक्टोरिया राणीचे; पुढे वीरमाता जिजाबाई भोसले यांचे दिले गेले. लालबाग-परळच्या गिरणगावाला मात्र तो 'राणीचा बाग' म्हणूनच ठाऊक. वसंतात इथे यावे ते झाडांसाठी. कैलासपतीच्या फांद्या सोडून थेट खोडालाच लालसर फुले लगडलेली असतात. गोरखचिंचेचा बुंधा तर असा की मुलांनी आणि आम्ही उभयतांनी मिळून कवेत घेऊ म्हटले तरी घेता येईना. मी शाळामास्तर असल्यामुळे प्रत्येक झाडापाशी थांबून माहिती सांगत होतो, आणि मुले मास्तरांचीच असल्यामुळे ती न ऐकता पुढे पळत होती.

पेंग्विनांच्या दालनात गर्दी मावत नव्हती. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी २०१७ पासून इथे लोकांना पाहायला मिळू लागले. काचेआड त्यांच्यासाठी गारवा राखलेला. तात्यांनी काचेला तळवा लावून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या साचेखात्यातही हवेत ओलावा सोडायचे. पण तो सुतासाठी. सूत तुटू नये म्हणून. माणसं घामानं निथळायची." मग स्वतःशीच हसले. "पेंग्विनची नोकरी बरी."

पुऱ्या-भाजी संपवून आम्ही म्युझियमकडे वळलो. १८७२ साली उघडलेल्या या इमारतीला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. कुष्ठरोगावर औषध शोधणारे, जुने शिलालेख वाचणारे आणि या संग्रहालयासाठी झटलेले हे डॉक्टर. इमारतीची मोठी दुरुस्ती होऊन २००८ साली ती पुन्हा उघडली, तेव्हापासून आतले खांब नि छत नव्या नवरीसारखे झळकू लागले. कन्या वही काढून मातीच्या लहान लहान बाहुल्यांपुढे बसली. जुन्या मुंबईतली माणसे, त्यांचे वेश, त्यांचे धंदे असे एकेक काचेच्या कपाटात मांडलेले. तात्या तिच्यामागे बराच वेळ उभे होते.

बाहेर आलो तो समोर दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते याच्यावरूनच. १८६४ साली याला विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला. पण उचलताना तो निसटून पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. एवढे मी सांगून संपवतो तोच कन्येने विचारले, "आजोबा, बाबा लहान असताना इथे खरा हत्ती होता ना? त्याच्यावर बसवायचे ना? मग बाबांना बसवलंत का?"

मी हसत म्हटले, "नाही हो! तुझे आजोबा म्हणाले, हत्तीला ताप आलाय."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तात्या होते. दोन-अडीच महिन्यांनी, मी पाच वर्षांचा असताना, तात्यांनी मला लालबागहून चालत या बागेत आणले. हत्ती आजारी असल्याचे त्यांनी सांगितले आणि परत फिरताना तोच हत्ती पाठीवर चार पोरे घेऊन डुलत चाललेला मी पाहिला. पुढे माझ्या पहिल्या कादंबरीत मी हा प्रसंग घातला. खोटे बोलणाऱ्या बापाचे ते प्रकरण लोकांना फार आवडले. तात्यांनी कादंबरी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि एवढेच म्हणाले, "छपाई चांगली आहे."

आता ते दगडी हत्तीकडे पाहत सावकाश नातीला म्हणाले, "हत्तीचे पैसे नव्हते, ते खरंच. पण तुझ्या बाबाला मी हत्ती दाखवायला आणलंच नव्हतं. त्या दिवशी मोडीवाला यायचा होता. हंडा, कळशी, परात, सगळं जायचं होतं. आणि घंगाळ. हा रोज त्या घंगाळात बसून अंघोळ करायचा. तुझी आजी म्हणाली, पोराच्या देखत ते उचलायला नको. चार तास त्याला कुठं तरी घेऊन जा."

मला एकदम आमची फळी आठवली. त्या संध्याकाळी ती रिकामी होती. मी विचारले तेव्हा आई म्हणाली होती, "भांडी कल्हईला दिलीत रे." मी हत्तीचे खोटे पकडले, कादंबरीत छापले, पण अंघोळीच्या घंगाळाला कोण कल्हई लावतो, हा साधा प्रश्न मला सदतीस वर्षांत पडला नव्हता.

"तात्या, पुस्तक आलं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"छापून झालं होतं ना," तात्या म्हणाले. "आणि तू लिहिलंस त्यात चूक काहीच नव्हती. घरी काय चाललंय ते तुला कसं दिसणार? दिसू नये म्हणूनच तर आणलं होतं."

चिरंजिवांना तहान लागली होती. आम्ही पाण्याच्या शोधात निघालो. तात्या माझा हात धरून चालत होते, की मी त्यांचा, ते सांगता येणार नाही.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. निघाली तर त्या प्रकरणात दोन पाने वाढतील. तोवर ती इथे लिहून ठेवली आहेत.

त्याच वर्षी दिवाळीआधी मी तांबाकाट्यावर जाऊन तांब्याचे घंगाळ आणले. नरकचतुर्दशीच्या पहाटे तात्या अंगाला तेल लावून पाटावर बसले होते. आईने उटण्याची वाटी खाली ठेवली, घंगाळावर बोटाचे पेर वाजवून पाहिले आणि म्हणाली, "आलं का एकदाचं कल्हईवरून? सदतीस वर्षं लावली हो मेल्यानं!"