सोललेलं लिंबू

डोंबिवलीच्या घरात जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर फळांचं एक जुनं चित्र होतं. होतं छापीलच, पण चौकट सोनेरी, नक्षीची. पाहुण्यांना ते तैलचित्र वाटे आणि आम्ही त्यांचा समज मोडत नसू. काळी द्राक्षं, पेअर, एक गुबगुबीत पीच, आणि अर्धवट सोललेलं लिंबू, ज्याची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती.

आजीने ही सगळी फळं कधीच कोकणात नेऊन ठेवली होती. पीच म्हणजे रातांबा, पेअर म्हणजे हिरवट पेरू. लिंबाशी मात्र तिचं जमलं नाही. “लिंबू चिरतात. सोलतं का कुणी?”

सोलत ते सतराव्या शतकातले डच चित्रकार. विलेम काल्फची चित्रं पाहिली की वाटतं, त्याला लिंबू नकोच होतं, सालीच्या वळणावर सांडलेला उजेड हवा होता. दक्षिणेकडून येणारं ते फळ त्यांच्याकडे अपूर्वाईचं. आपण ते मिरच्यांबरोबर ओवून दाराला टांगतो.

शोकेसमध्ये आणखी एक टोपली होती, सावंतवाडीच्या लाकडी फळांची. चितारआळीतली ही कला. पूर्वी त्यासाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत. त्यातल्या आंब्यावर माझ्या दुधाच्या दातांची खूण आहे. चव रंगाची होती, एवढंच आठवतं.

मग इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा आली. विषय स्थिरचित्र. सरावासाठी बाबांनी ऑफिसातून येताना एक सफरचंद आणलं. आमच्याकडे सफरचंद येई ते कुणाला ताप आला तरच, त्यामुळे धाकट्याने दारातच विचारलं, “कोण आजारी आहे?” तांब्या, मागे आईची जुनी निळी साडी, पुढे ते सफरचंद. चित्र पुरं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम मीच काढला. तिसऱ्या दिवशी साल सुरकुतली. मी सुरकुत्याही रंगवल्या. सर म्हणाले, “परीक्षेला फळ ताजं काढ.”

१५९९च्या सुमारास काराव्हाज्जोने फळांची एक टोपली रंगवली, ती मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहात आहे. तिच्यातल्या सफरचंदाला चक्क किडीचं भोक आहे, पानं करपलेली आहेत. हे मला फार उशिरा कळलं. सरांना सांगायला हवं होतं. अर्थात आईला ते सफरचंद चाललं नसतं. तिचं माहेर ठाण्याचं, जांभळी नाक्यावर एकेक फळ उलटंपालटं करून घेणारी ती. “दादा, हे बदलून द्या,” म्हणाली असती.

माझं सफरचंद बदलून मिळणार नव्हतं. चौथ्या दिवशी तिने ते कापलं, आत तपकिरी झालेला भाग सुरीच्या टोकाने काढून टाकला आणि उरलेल्याच्या पाच फोडी केल्या. आजीने आपली फोड मीठ लावून खाल्ली. चित्रकार म्हणून मला सगळ्यात मोठी मिळाली.