झाकावे की खरवडावे?

घर रंगवावयाचे ठरले की बहुतेक कुटुंबांत दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, जुने समूळ काढल्यावाचून नवे टिकावयाचे नाही. दुसरा म्हणतो, जुने मुकाट्याने उभे आहे, त्याला कशास छेडावे? पहिला पक्ष तत्त्वनिष्ठ म्हणून मिरवतो, दुसऱ्यावर आळसाचा आरोप येतो. हा आरोप सर्वस्वी न्याय्य आहे असे मला वाटत नाही.

आमचे वडिलोपार्जित घर हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरास, पूर्णेवरील धरणाच्या गावी आहे. पुतण्याच्या लग्नात, २००९ साली, बैठकीच्या चारी भिंतींस गुलाबांचा वॉलपेपर चिकटविला होता. ते गुलाब आता विटले होते. दादांना त्यांवरच रंग हवा होता. वहिनींना तो कागद घरात नको होता. रंगाऱ्याने कोणाचीच बाजू घेतली नाही. तो बोटाच्या पेराने भिंत ठोकीत फिरला. तीन भिंतींतून पोकळ आवाज आला. असा गुळगुळीत कागद भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही. ती आत साचते, बुरशी धरते, आणि कागद सुटू लागतो. त्यावर रंग देणे म्हणजे पोपड्यांस आमंत्रणच. त्या तिन्ही भिंती खरवडावयाच्या, हे तेथेच ठरले.

चौथी, आतली भिंत मात्र कोरडी निघाली. नेमक्या याच भिंतीवर वडिलांनी आम्हां चार भावंडांच्या जन्मतिथी व वेळा पेन्सिलीने लिहिल्या होत्या. दिवाळीस चुना देताना तेवढा हातभर तुकडा ते कटाक्षाने मोकळा सोडीत. त्यांतील तिसरी ओळ आमच्या एका बहिणीची. ती दीड वर्षाची होऊन गेली. तिचे छायाचित्र नाही. तिच्या हातची वस्तू नाही. ती ओळ तेवढी आहे. ‘कागद ओढला तर चुनाही त्याबरोबर येईल,’ असे रंगाऱ्याने सांगताच वहिनींचा आग्रह आपोआप मावळला.

झाकण्यालाही शास्त्र आहे. पाण्यात कालविलेला रंग कागदावर थेट दिला, तर तो सांध्यांतून आत झिरपतो, खालची खळ भिजते आणि कागद फुगतो. म्हणून आधी सुटलेल्या कडा चिकटविल्या, सांधे पुट्टीने भरून घासले, तेलाच्या प्रायमरचा एक हात दिला, रंग त्यानंतर.

या दोन्ही पक्षांचा न्याय करताना मला अजिंठा आठवतो. निजाम सरकारने बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी १९२० ते १९२२ या काळात तेथील चित्रे वाचविण्यासाठी त्यांवर लाखेचे रोगण दिले. पुढे ते पिवळे पडून काळवंडले, आणि रक्षणासाठी घातलेले आवरण मोठ्या सायासाने उतरवावे लागले. उलट वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर भक्तांनी पिढ्यान्‌पिढ्या शेंदराची पुटे चढविली; २०२२ साली ती काढल्यावर खालचे प्राचीन रूप पुन्हा दृष्टीस पडले. एका ठिकाणी आवरण जाणत्यांनी रक्षणाच्या हेतूने घातले, दुसऱ्या ठिकाणी भाविकांनी केवळ भक्तीने. तेव्हा झाकणाऱ्याच्या हेतूवरून झाकण्याची परीक्षा होत नाही. खाली काय आहे आणि वरचा थर त्याच्याशी कसा वागतो, यावरून ती होते.

कुटुंबांतील जुन्या गोष्टींचेही असेच नाही काय? ओल आहे हे ठाऊक असून वर रंग फासणे ही फसवणूक. तो भाग निष्ठुरपणे खरवडलाच पाहिजे, मग खोलीभर धूळ उडो. परंतु जे कोरडे आहे, घट्ट आहे आणि ओढले असता तुटणार आहे, ते झाकून ठेवण्यास मी खोटेपणा म्हणणार नाही. सत्य उघडे पाडण्याच्या उत्साहात सत्यच नाहीसे करण्याचा अधिकार कोणासच नाही.

ती भिंत आता फिकट पिवळी आहे. पाहुण्यांस तिच्यात विशेष काही दिसत नाही. घरातील मुलांस मात्र आम्ही खुंटीच्या खालची ती जागा दाखवून ठेवली आहे, आणि तिसऱ्या ओळीतील नावही सांगितले आहे.