शनिवारची पंगत

७ डिसेंबर २०२४, शनिवार

चंपाषष्ठी. आमच्या घरात खंडोबा आहे, त्यामुळे चातुर्मासात बंद झालेलं वांगं आज पहिल्यांदा शिजलं. सकाळी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. रात्री मजल्यावरच्या तिन्ही बिऱ्हाडांचं जेवण समोर, जळगावच्या वहिनींकडे. थंडी पडली की दर शनिवारी असं एकत्र जेवायचं, एका घराने मुख्य पदार्थ करायचा आणि बाकीच्यांनी जोडीचं आणायचं, अशी आमची पद्धत आहे. यंदा वहिनींनी त्यात एक अट घातली: नेहमीच्याच पदार्थात एक गोष्ट बदलून बघायची. एकच. दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

भरताची वांगी त्यांच्या भावाने गावाकडून पाठवली होती. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातात घेतली तर आकाराच्या मानाने हलकी. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण वहिनींचा भर मानांकनावर नाही, जाळावर आहे. तिकडे शेतात पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी भाजतात. पुण्यात कापसाच्या काड्या कुठून आणणार? म्हणून निम्मी वांगी गॅसवर आणि निम्मी कोळशाच्या शेगडीवर भाजली. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं दोन्हीकडे तेच. टोमॅटो नाही. टोमॅटोचं नाव काढलं तर वहिनी जेवायला वाढायच्या नाहीत.

गॅसच्या वांग्याचं साल तुकड्यातुकड्यांनी निघालं आणि गराला पाणी सुटलं. शेगडीवरच्या वांग्याचं साल देठापासून खालपर्यंत एका ओढीत उतरलं, आत गर पांढुरका आणि कोरडा. पुढचं काम बडजीत. ठेचायचं हे भांडं लाकडाचं असतं. मिरची-लसूण आधी ठेचायचा, मग वांगं घालून नुसतं दाबायचं. लगदा करायचा नाही. चवीला शेगडीचं उजवं ठरलं, यात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मात्र गॅसवरचं वांगं सोलून चाळणीत निथळत ठेवलं तर फरक निम्म्याने कमी होतो, हे नवीन कळलं. रोजच्या धबडग्यात शेगडी कोण पेटवतो? चाळण पुरे.

सोबत कळण्याच्या पुऱ्या. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं ते पीठ. उडदाला चिकटपणा असतो, म्हणून नुसत्या ज्वारीची जी पुरी लाटता लाटता फाटली असती ती इथे सरळ होते.

१२ डिसेंबर, गुरुवार

सासूबाईंना वहिनींची अट फारच आवडली आहे. भाकरीवर लावून बघू म्हणाल्या. त्या मंगळवेढ्याच्या, त्यामुळे भाकरीच्या बाबतीत पुणेकरांकडून त्यांची काही अपेक्षा नसते. मंगळवेढ्याची काळी, खोल जमीन पावसाळ्यातलं पाणी धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवरच वाढते. घरी दाणे मालदांडीचेच येतात.

ताजं दळलेलं पीठ आणि डब्याच्या तळाला राहिलेलं जुनं पीठ, दोन्ही गार पाण्यात भिजवलं. ताज्याची भाकरी थापताना कडा चिरली नाही. जुन्याची चिरली, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती. मग तेच जुनं पीठ उकळत्या पाण्यात कालवून मळलं. भाकरी थापली गेली, तव्यावर टम्म फुगली. कारण सरळ आहे. गव्हाच्या पिठाला ताण देणारं जे ग्लूटेन असतं ते ज्वारीत नसतं. ज्वारीला धरून ठेवतं ते पिठातलं स्टार्च, आणि गरम पाण्याने ते फुगून चिकट होतं. सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग आम्ही इतकी वर्षं काय करत होतो?”

तरीही खाताना ताज्या पिठाची ती ताज्या पिठाचीच. जुन्याला किंचित कडसर चव येते आणि ती उकळत्या पाण्यानेही जात नाही. दळण थोडं आणि वरचेवर आणावं.

२१ डिसेंबर, शनिवार

आमच्याकडे. शेंगदाण्याची सोलापुरी चटणी, दही, कडक भाकरी, गरगट्टा. चटणी एकदा उखळात आणि एकदा मिक्सरमध्ये केली. उखळातली तेल सुटून गोळा होण्याइतकी ओलसर. मिक्सरमधली नुसता भुरका. मग मिक्सर मधेमधे थांबवून, दाणे हलवून, पुन्हा फिरवला. तेल सुटलं, पण लसूण पार वाटला गेला. उखळात लसूण दाण्याला लागतो आणि तरी दाताखाली येतो. सगळ्यांनी उखळातली संपवली, मिक्सरमधली उद्याच्या डब्याला.

२८ डिसेंबर

वहिनींकडे पाहुणे, तिसऱ्या बिऱ्हाडातले नाना अलिबागला. मुगाची खिचडी, पापड. काहीही बदललं नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

नाना अलिबागहून वालाच्या शेंगांचं पोतं आणि ओला भांबुर्डा घेऊन आले. पोपटी! सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, सचिवांची रीतसर परवानगी घेऊन. सचिवांना जेवायला बोलावलं, परवानगी लगेच मिळाली.

मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मधेमधे बटाटे, रताळी, कोनफळाचे तुकडे, अंडी. जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. शेंगा आणि पाला यांच्या स्वतःच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. अर्ध्या तासाने नानांनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला. पाणी चर्र करून उडालं. “झाली,” म्हणाले.

बदल असा की त्याच शेंगा, तोच पाला जाड बुडाच्या कढईत घालून, झाकणाची कड कणकेने बंद करून गॅसवरही ठेवल्या होत्या. त्या छान शिजल्या. ओव्याचा आणि पाल्याचा उग्र वास नीट उतरला होता. धूर तेवढा नव्हता. नानांनी एक शेंग सोलून खाल्ली आणि “वालाची उसळ बरी झालीय” एवढंच म्हणाले. मला विचाराल तर फ्लॅटमधल्या माणसाने ही कढईतली जरूर करावी, फक्त नानांसमोर तिला पोपटी म्हणू नये.

मुलांनी बोटं काळी करून घेतली, भिंतींना लावली. त्यांच्यातला एकजण शेवटची अंडी शोधत राखेपर्यंत पोचला होता.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणत सासूबाईंनी सकाळी सातलाच मंडई गाठायला लावली. ओला हरभरा, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, बोरं, शेवग्याच्या शेंगा, ओले शेंगदाणे. बाजरीच्या भाकरीवर थापतानाच तीळ लावायचे, म्हणजे ते तव्यात गळत नाहीत. वर लोण्याचा गोळा.

आज प्रयोगाला बंदी होती. “सणाच्या दिवशी देवावर प्रयोग करता काय?” असा सासूबाईंचा सवाल. बंदी योग्यच होती. या भाजीत आधीच इतक्या वस्तू असतात की एक बदलली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. चव सगळी तिळाच्या आणि दाण्याच्या कुटाने बांधलेली असते. बोरं मात्र विसरू नयेत. तो मधेच लागणारा आंबटपणा दुसऱ्या कशाने येत नाही. चिंचेचा कोळ घालून काम भागवणाऱ्या घरी मी जेवले आहे. भागत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आज बंदी उठली, कारण गुळपोळी वहिनींच्या ओट्यावर होती.

वाद सारणातल्या बेसनावरून. वहिनींकडे गुळात तीळकूट, खसखस, वेलची-जायफळ एवढंच. आमच्याकडे तेलात खमंग भाजलेलं बेसनही. एकाच किसलेल्या गुळाचे दोन भाग केले. गूळ साधा, मऊ. चिक्कीचा गूळ वड्यांसाठी, पोळीत तो गार झाल्यावर दाताला लागतो. कणकेला कडकडीत तेलाचं मोहन, लाटायला तांदळाची पिठी, दोन लाट्यांच्या मधे सारणाची एक चपटी गोळी.

बिनबेसनाच्या पोळीतून गूळ फुटून तव्यावर आला, जळला, आणि दर पोळीनंतर तवा ओल्या फडक्याने पुसावा लागला. बेसनाच्या पोळीतला गूळ आत राहिला. पातळ झालेला गूळ बेसन धरून ठेवतं. पण चवीला? मी पक्षपाती असले तरी लिहून ठेवते: गूळ थोडा फुटून कडेला करपलेली वहिनींची पोळी जास्त चांगली लागली. तिला तुपाचीही फारशी गरज पडली नाही.

प्रमाणावरून सासूबाईंनी विचारलं की तुम्ही मोजता कशाने. वहिनी वाटीने. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं, त्यात मापं वाटी-चमच्याची होती, आणि तेव्हापासून कितीतरी मराठी सुना त्या वाटीवर स्वयंपाक शिकल्या. वहिनींच्या आईची प्रत त्यांच्याकडे आहे, तेलाचे डाग पडलेली. सासूबाईंकडे पुस्तक नाही. त्यांची वाटी म्हणजे त्यांचा तळहात.

२५ जानेवारी, शनिवार

वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं आज पंगतीत आलं. मुलगी हौशी आहे. म्हणाली, काकू, मीपण प्रयोग करते, चीज आणि शेजवान सॉस घालून थालीपीठ. तिने आणलंही होतं. मुलांनी फस्त केलं, आम्हीही खाल्लं, वाईट नव्हतं. पण चीजची चव चीजचीच लागते, खाली थालीपीठ असो की पाव. त्याने थालीपिठाबद्दल काही कळत नाही.

मग तिला घरची भाजणी दिली. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजलेलं, कारण तांदूळ फुलेपर्यंत जिरे जळून जातात. एका पुडीत धने नेहमीचे, दुसरीत दुप्पट. दोन्हीची लाव, कांदा-मीठ सारखं ठेव आणि नवऱ्याला न सांगता वाढ, असं सांगितलं आहे. माझं मत दुप्पट धन्याला आहे, सासूबाईंचं नाही.

कुणाला घरी करून बघायची असेल तर भाजणी किंचित रवाळ दळून आणा आणि गिरणीवाल्याला ती ज्वारीच्या पाठोपाठ टाकायला सांगा. मिरचीच्या पाठोपाठ कधीच नको.