पेरणीआधीचा कुकर

पेडगाव. रात्री उशिरा.

पंखा बंद ठेवलाय. वाऱ्यासोबत धूळ, धुळीसोबत बुरशी. ऑर्किडचं बी पिठाहून बारीक, आत अन्नाचा साठा नाहीच. रानात एक विशिष्ट बुरशी त्याला पोसते. 1922 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगरवर, त्या बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवलं. पण जी साखर रोपाला हवी, तीच हवेतल्या सगळ्या बुरशींनाही हवी. म्हणून हा सोवळ्याचा कारभार.

लिटरभर पाण्याला 20 ग्रॅम साखर, 7-8 ग्रॅम अगर. किराण्यात चायना ग्रास म्हणून मिळतं तेच. नडसन यांच्या यादीतलं कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट तर ठिबकवाल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचंच. सामू साडेपाचच्या आसपास. फार आम्ल झालं तर अगर घट्ट होत नाही.

बाटल्या निम्म्याहून कमी भरल्या, झाकणं सैल. 15 पौंड दाब, 121 अंश, 20 मिनिटं. शिट्ट्या मोजून भागत नाही, घड्याळच लागतं. वाफ हातानं सोडायची नाही. दाब झटकन उतरला की माध्यम उसळून बाहेर येतं. आई दारातून विचारतेय, "कुकर मोकळा कधी व्हायचा?"

शेंग हिरवीच हवी. न फुटलेल्या शेंगेतलं बी निर्जंतुक असतं, त्यामुळे ब्लीचनं फक्त साल धुवायची. फुटलेल्या शेंगेच्या नादी मी तरी लागत नाही. बाटल्या आठवडाभर न पेरता ठेवीन. कुठे बुरशी धरलीच, तर ती बाटली बाद.