न सांगितलेले भास

समोर काहीही नसताना दिसावे, कोणी बोलत नसताना ऐकू यावे, ह्या अनुभवास मानसशास्त्रात ‘निर्वस्तुभ्रम’ म्हणतात. अंधारात दोरीचा साप भासतो तेव्हा निदान दोरी तरी असते. निर्वस्तुभ्रमात दोरीही नसते.

आजाऱ्यांना परमप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना असे अनुभव आमच्या कानी येतात. मात्र घरची मंडळी खोलीबाहेर गेल्यावरच. मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेल्या एका आजींनी आम्हाला हळूच विचारले, “फादर, भिंतीपाशी रंगीत कपड्यांतली पोरं उभी राहतात. बोलत नाहीत. मला वेड तर लागलं नाही ना?”

जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने ह्यांनी १७६० साली आपल्या आजोबांची अशीच हकीकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्या त्या वृद्धास माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. पण ती खरी नाहीत हे त्यास पक्के ठाऊक असे. बुद्धी शाबूत होती. डोळ्यांकडून येणारे संदेश आटले, की मेंदूतील दृष्टिकेंद्र स्वस्थ बसत नाही; ते आपणहून चित्रे रचू लागते. ह्या अवस्थेस आज बोने ह्यांचेच नाव आहे. आम्ही आजींना हे समजावून सांगितले आणि त्यांच्या मुलास नेत्रवैद्याकडे जाण्यास सुचविले.

वियोगाचेही असेच आहे. वेल्समधील डॉक्टर ड्यूई रीस ह्यांनी २९३ विधवा-विधुरांना भेटून केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्म्यांना, म्हणजे १३७ जणांना, दिवंगत जोडीदाराची चाहूल लागली होती. काहींना तो दिसला वा त्याचा आवाज ऐकू आला होता. अनेकांना त्यातून दिलासाच मिळाला. परंतु हे त्यांच्यापैकी एकानेही डॉक्टरांस सांगितले नव्हते आणि धर्मगुरूस सांगणारा अवघा एक निघाला. आम्हा धर्मगुरूंना हा आकडा बोचला पाहिजे.

सर्वच भास निरुपद्रवी नसतात. तीव्र ताप, शरीरातील पाणी कमी होणे, काही औषधे, सततचे जागरण, दारू एकाएकी तुटणे, कंपवात, छिन्नमनस्कता अशी त्यांची अनेक कारणे आहेत. आवाज स्वतःस वा इतरांस इजा करण्यास सांगत असतील, तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. भूतबाधेचा संशय घेऊन मांत्रिकाचा उंबरठा झिजवू नये. भूत काढण्याचे विधी सांगणाऱ्या १६१४ च्या रोमन विधिग्रंथानेही धर्मगुरूस आरंभीच बजावले आहे, की बाधेवर सहजासहजी विश्वास ठेवू नकोस.

वाचकहो, घरातील वृद्धाने असे काही सांगितले तर हसू नये, दटावू नये. तसेच लगोलग त्यास दृष्टान्तही ठरवू नये. आधी शांतपणे ऐकून घ्यावे. एकट्याने वाहिलेले भय भासाहून जड असते.